गेंदाबाईची एक बिस्वांसी

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा, असं सांगायला संपादक दोनदा घरी येऊन गेले, आणि दोन्ही वेळा मी त्यांना चहा देऊन परत पाठवलं. तिसऱ्या वेळी ते आले नाहीत, त्यांनी कोरे कागद पाठवले. त्यामुळे लिहायला बसलो आहे. चूकभूल झाली तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. मी काही मोठ्या हुद्द्यावर नव्हतो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि कॉलेज अर्धवट सोडून आलेलाही मीच पहिला. नागपूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात होतो, सकाळी कॉलेज आणि दिवसा महसूल कचेरीत कारकुनी. तेवढ्यात राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर तिकडे, मुंबई राज्यात गेलं, आणि माझं नाव इकडे, भोपाळला येणाऱ्यांच्या यादीत निघालं.

माझं काम सांगायला सोपं आहे. ते होतं अपूर्णांकांची बेरीज करण्याचं. वडील नागपूरला गिरणीत होते. त्यांना मी पत्रातून हे कळवलं, तेव्हा त्यांनी शेजाऱ्याकडून लिहवून घेतलेलं उत्तर आलं: "कॉलेजात जाऊन शेवटी चौथीतलंच गणित करतोस काय?" त्यांचं चुकत नव्हतं. फक्त चौथीत गणित चुकलं तर छडी बसते आणि विषय तिथेच संपतो.

नव्या राजधानीला जागा लागत होती. कचेऱ्या, क्वार्टर्स, रस्ते, सगळंच नव्यानं व्हायचं होतं. आजूबाजूच्या गावांतली जमीन घेतली जात होती, आणि प्रत्येक सामाईक खात्यात कोणाचा किती हिस्सा याची यादी आमचं दफ्तर करत असे. यादीला फर्द म्हणत. फर्दीत ज्याचं नाव, त्याला नव्या वस्तीत घरापुरती जागा मिळायची. हिस्सा मोठा असो की लहान, जागा सारखीच. म्हणून लोकांचा जीव आकड्यापेक्षा नावात अडकलेला असे. मला हे नियम म्हणून पाठ होतं. समजलं फार उशिरा.

आता अडचण सांगतो. नागपूरकडे जमिनीचा हिस्सा आण्यांत लिहीत. पूर्ण खातं म्हणजे सोळा आणे, एका आण्याच्या बारा पै, म्हणजे सगळ्या मिळून एकशे ब्याण्णव पै. इथे रुपयाचा काही संबंध नाही, ती फक्त भाग सांगायची रीत. भोपाळकडच्या जुन्या दफ्तरात पूर्ण खातं म्हणजे वीस बिस्वे, आणि एका बिस्व्याच्या वीस बिस्वांसी. म्हणजे सगळ्या मिळून चारशे. नवे फॉर्म छापून आले ते आणे-पै अशा दोन रकान्यांचे. तोवर बाजारात नवे पैसे आले होते, आणे जाऊ लागले होते, पण छापलेले गठ्ठे संपेपर्यंत आमच्याकडे आणेच चालायचे होते.

अपूर्णांकाचा छेद म्हणजे तुकड्याचा आकार. आकार वेगवेगळे असतील तर नुसते तुकडे मोजून काही कळत नाही. ही गोष्ट मला इथे ज्यांनी दाखवली ते मुन्शी वहीद मियाँ. जुन्या संस्थानच्या दफ्तरातले, निवृत्तीला आलेले, उर्दू कागद वाचून दाखवण्यासाठी आमच्या शेजारच्या टेबलावर बसवलेले. खिशात कायम फुटाण्यांची पुडी.

एकदा एका विहिरीच्या पाण्यावरून दोघं भाऊ आले. थोरल्याचा हिस्सा दोन-पंचमांश, धाकट्याचा तीन-अष्टमांश, उरलेला चुलतभावाचा. थोरला संतापलेला. "इसको तीन दिया, मेरे को दो! इसको आठ, मेरे को पाँच! मैं बड़ा हूँ कि ये?"

मी वही काढून समच्छेदाची रीत समजावू लागलो. दोघं माझ्याकडे असे बघत राहिले की मीच त्यांचं पाणी चोरलं आहे.

मुन्शीजींनी पुडी सोडली आणि थोरल्याला भोपाळी ढंगात हाक मारली. "को खां, इधर आओ. गिनो चालीस."

थोरल्यानं चाळीस फुटाणे मोजले. मुन्शीजींनी त्यांचे पाच सारखे ढीग करायला लावले. आठ-आठचे झाले. "इसमें से दो तुम्हारे." सोळा. मग सगळे एकत्र करून आठ ढीग करायला लावले. पाच-पाचचे झाले. "इसमें से तीन इस छोटे के." पंधरा.

थोरल्यानं दोनदा मोजलं. सोळा आणि पंधरा. मग आपल्यातला एक फुटाणा तोंडात टाकला आणि म्हणाला, "चलो, अब बराबर."

"अरे, ये तो कुएँ का पानी पी गया!" मुन्शीजी म्हणाले आणि सगळं दफ्तर हसलं. ते दोघे भाऊही हसले. माझी वही उघडीच राहिली.

तर हा आमचा धंदा. चाळीस हा आठ आणि पाच या दोघांनाही चालणारा आकार. असा आकार सापडला की भांडण निम्मं मिटतं. आमच्या स्वतःच्या बाबतीत मात्र तो कोणाला सापडत नव्हता. चार राज्यांचे कारकून एका ज्येष्ठता यादीत बसवायचे होते. एकाचा वरिष्ठ लिपिक दुसऱ्याच्या कनिष्ठाहून कमी पगाराचा, कोणाची नोकरी संस्थानात लागलेली, कोणाची इंग्रजांच्या अमलात. यादी कच्ची होती, हरकती मागवल्या होत्या, आणि सेवापुस्तकात एखादा वाईट शेरा पडला तर आपण कुठे जाऊन पडू या भीतीनं आम्ही सगळे जपून खोकत होतो. मी तर सगळ्यात जास्त. घरी सहा माणसं माझ्या नोकरीकडे बघत होती.

नवं राज्य होऊन वर्ष उलटलं, तेव्हा इमलिया नावाच्या लहानशा गावाचं काम माझ्याकडे आलं. त्यातलं एक खातं अगदी सुटसुटीत होतं. चार हिस्सेदार. पहिल्याचे दहा बिस्वे, दुसऱ्याचे पाच. तिसरा हल्केराम, त्याचे चार बिस्वे एकोणीस बिस्वांसी. चौथी त्याची विधवा भावजय गेंदाबाई, तिची एक बिस्वांसी. सगळे मिळून बरोबर वीस बिस्वे.

हे आण्यांत उतरवायचं. एकशे ब्याण्णवाला पाचानं भाग जात नाही, त्यामुळे बिस्व्यांच्या पै करताना कुठे ना कुठे थोडंसं उरतंच. त्यासाठी आमच्या साहेबांनी नियम घालून दिला होता: अर्धी पै किंवा जास्त उरली तर पूर्ण पै धरा, अर्ध्याहून कमी असेल तर सोडून द्या. साहेब ग्वाल्हेरकडचे, सरंजामे त्यांचं आडनाव. माणूस सरळ, पण कामाचा डोंगर अंगावर पडलेला.

मी हिशेब केला. पहिल्याचे आठ आणे. दुसऱ्याचे चार आणे. हल्केरामचे साडेसत्तेचाळीस पैंच्या किंचित वर, म्हणजे पूर्ण अठ्ठेचाळीस, म्हणजे चार आणे. गेंदाबाईची अर्ध्या पैहून कमी, म्हणजे सोडून द्यायची. बेरीज केली. आठ, चार आणि चार. सोळा आणे! एक पै इकडची तिकडे नाही. मी खूश झालो. उत्तर इतकं नीट जुळलं की चौथ्या ओळीत काही राहिलं नाही, हे माझ्या मनातच आलं नाही. हिस्सा शून्य आला म्हणून ओळच लिहिली नाही, आणि सही केली.

मुन्शीजींची जुनी रीत अशी की फर्द पक्की करण्याआधी गावात जाऊन वाचायची. झाडाखाली दरी, म्हणजे सतरंजी, अंथरायची, सगळे हिस्सेदार तिच्या एका बाजूला बसवायचे. ज्याचं नाव वाचलं, त्यानं उठून पलीकडच्या बाजूला जाऊन बसायचं. अलीकडची बाजू रिकामी झाली की फर्द खरी.

त्या आठवड्यात जीप एकच होती आणि ती दुसरीकडे हवी होती. साहेबांनी मला विचारलं, "निखारे, इमलियाला वाचन करायलाच हवं का? तुमचं काय मत?"

मत विचारलं जाण्याची मला सवय नव्हती. मी म्हणालो, "गरज नाही साहेब. बेरीज सोळा आणे भरते आहे."

मुन्शीजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाबू, दरी बिछा लेते तो अच्छा था."

"मुन्शीजी, बेरीज जुळली की झालं," मी म्हणालो. अर्धवट का होईना, कॉलेजचा होतो.

फर्द गावच्या पाटीवर लागली. पुढे जानेवारीत एका सकाळी दफ्तराच्या पायरीवर एक म्हातारी बसलेली दिसली. पायात चपला नाहीत, अंगावर जाड लुगडं. मी आत जाताना तिनं विचारलं, "नागपुरवाले बाबू आप ही हो? हमारो नाम बाँच दो."

मी फर्दीची प्रत काढून वाचली. तीन नावं. तिनं मान हलवली. "फिर से बाँचो."

मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायची माझी हिंमत झाली नाही.

"पाटी पे भी नईं है," ती म्हणाली. "हमने पढ़वाई थी. देवर कै रओ थो, भौजी, अब तो कागज में भी तुम हमारे घर की हो गईं."

मुन्शीजी तोवर उठून आले होते. त्यांनी तिला ओळखलं. नवरा गेला तेव्हा गेंदाबाईनं सगळी जमीन दिराला लिहून दिली होती. मूलबाळ नव्हतं, कसणार कोण? पण कागद लिहिताना मुन्शीजींनीच तिला सांगितलं होतं की एक बिस्वांसी स्वतःकडे ठेव, तुझी झोपडी आहे तेवढी. सगळ्यात लहान जो तुकडा कागदावर लिहिता येतो, तो.

"हमने तो इसी वास्ते रखी थी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "कि हम अपने घर के रहें. अब सबको मकान की जगह मिलेगी. हम कहाँ जाएँगे, बाबू? देवर की दहलान में?"

मी तिला पाणी दिलं आणि बघतो म्हणून सांगितलं. ती पायी परत गेली.

ती गेल्यावर मी टेबलावर बसलो आणि जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. पै आणि बिस्वांसी दोघींनाही चालणारा तुकडा शोधला. एकशे ब्याण्णव म्हणजे सहा वेळा दोन आणि एकदा तीन, गुणून. चारशे म्हणजे चार वेळा दोन आणि दोन वेळा पाच, गुणून. दोघांनाही सामावून घ्यायचं तर सहा वेळा दोन, एकदा तीन, दोनदा पाच. चार हजार आठशे. खात्याचे चार हजार आठशे तुकडे केले तर एका पैत त्यातले पंचवीस येतात, आणि एका बिस्वांसीत बारा.

बारा आणि पंचवीस. पंचवीसचं निम्मं साडेबारा. गेंदाबाई अर्ध्या तुकड्यानं राहिली होती, चार हजार आठशेंतल्या अर्ध्यानं. आणि हल्केरामच्या हिशेबात तेच बारा तुकडे कमी पडत होते. नियमानं ते तिच्याकडून सुटले आणि बरोबर त्याच्याकडे जाऊन बसले. म्हणून तर बेरीज जुळली होती.

मुन्शीजींना मी आकडे दाखवले. त्यांनी हात लावला नाही. एवढंच म्हणाले, "लिख के दे दो साहब को. ग़लती हुई, लिख दो."

मी टिप्पणी त्याच दिवशी लिहिली. आणि खणात ठेवली.

हे लिहिताना आजही हात थांबतो. टिप्पणी द्यायची म्हणजे माझ्या सहीच्या फर्दीत चूक आहे, आणि वाचन करू नका असंही मीच सांगितलं, हे माझ्याच अक्षरात कबूल करायचं. ज्येष्ठता यादीवर अजून शेवटची सही व्हायची होती. मी स्वतःला सांगत राहिलो, यादी होऊ दे, मग देऊ. घरच्या सहा माणसांचं नाव पुढे करत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर एक फुटाणा ठेवलेला होता. मुन्शीजी आपल्या जागी, मान खाली घालून उर्दू कागद वाचत होते. तिसऱ्या दिवशी आणखी एक. आदला मी उचलला नव्हता, त्याच्या शेजारी दुसरा. रोज एक. ते ओळीनं लावलेले फुटाणे बघून शिपाईही विचारू लागला, "बाबूजी, ये क्या नमूना है?"

नऊ झाले, त्या दिवशी संक्रांत होती. बायकोनं डब्याबरोबर तिळगुळाची पुडी दिली होती. मी खणातून टिप्पणी काढली आणि साहेबांच्या खोलीत गेलो. तिळगूळ खिशातच राहिला.

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुमचं गणित बरोबर आहे हो. पण फॉर्मात चार हजार आठशेंचा रकाना नाही. आणि फर्द वर गेली आहे. तुम्हाला आता सुचलं?"

"नऊ दिवसांपूर्वी कळलं, साहेब." हे मी का बोललो, मला ठाऊक नाही. बोलून गेलो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत, ते जास्त जड गेलं. टिप्पणी त्यांनी डावीकडच्या ढिगावर ठेवली. डावीकडचा ढीग म्हणजे ज्यातून काही बाहेर येताना आम्ही कोणी पाहिलं नव्हतं. "जा," ते म्हणाले.

परत आलो तर टेबल पुसलेलं. मुन्शीजी शांतपणे फुटाणे चावत होते.

पुढच्याच आठवड्यात माझी बदली दुसऱ्या शाखेत झाली. शिक्षा होती की गरज, मला कळलं नाही. वाईट शेरा पडला नाही. ज्येष्ठता यादीत मला वाटलं होतं त्याहून बरी जागा मिळाली. मुन्शीजी उन्हाळ्यात निवृत्त झाले आणि दोन वर्षांत गेले. साहेब इंदूरला बदलून गेले. गेंदाबाईचं काय झालं, हे मी कोणाला विचारलं नाही. विचारायला दोन मिनिटं लागली असती. उत्तराची भीती वाटली, आणि पहिलं वर्ष असं गेल्यावर विचारायची लाज वाटू लागली.

इमलियाची नवी वस्ती झाली. तुळशीनगरच्या क्वार्टरमधून मी सायकलनं कचेरीत जायचो. जवळचा रस्ता त्या वस्तीवरून होता. मी लांबचा घेत असे. बायको विचारायची, घामाघूम का होता? मी सांगायचो, तिकडे चढ आहे. चढ खरं तर लांबच्याच रस्त्याला होता.

राहिलेली पदवी मी पुढे इथेच खासगीत बसून घेतली, तिसऱ्या श्रेणीत. बढत्या झाल्या. हाताखालच्यांना एक सवय लावली, की हिस्सा शून्य आला तरी ओळ लिहायची. का, ते सांगितलं नाही. लोक मला काटेकोर म्हणत.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतरची गोष्ट. आता मी अरेरा कॉलनीत मुलीच्या घरी मागच्या खोलीत राहतो. जुने कागद वाचता येतात म्हणून अधूनमधून कोणी ना कोणी येतं. एक पन्नाशीच्या आतल्या बाई आल्या. शाळेत शिकवतात, मुलगा मंडीदीपला कारखान्यात आहे. घर नव्यानं बांधायचं, त्यासाठी जुनी कागदपत्रं काढलेली. त्यांनी पिशवीतून एक झेरॉक्स काढली.

"अंकल, इसमें दादी के नाम के आगे ज़ीरो क्यों लिखा है? वकील हँस रहा था. ज़ीरो हिस्से में मकान कैसे मिल गया?"

वरच्या तीन ओळी माझ्या अक्षरातल्या होत्या. ते वळणदार अक्षर, तेवीस वर्षांच्या मुलाचं. खाली माझी सही. आणि तिसऱ्या ओळीच्या नि बेरजेच्या मधल्या अरुंद जागेत, दुसऱ्या हातानं, साहेबांच्या अक्षरात, दाटीवाटीनं लिहिलेली चौथी ओळ. गेंदाबाई, बेवा. आणे शून्य, पै शून्य. बेरीज तीच, सोळा आणे. तिला हात लावायची गरजच नव्हती. रकाना नव्हता, तर साहेबांनी वर गेलेली फर्द परत मागवून आहे त्याच रकान्यात नाव बसवलं होतं.

"त्यांना जागा मिळाली होती?" मी विचारलं. मराठीत विचारलं, मग लक्षात येऊन हिंदीत विचारलं.

"मिली ना! वहीं तो रहीं आख़िर तक. सगी दादी नहीं थीं, दादाजी की भौजी थीं. बड़ी तेज़ थीं. दादाजी को चाय पे भी बुलातीं तो कहतीं, मेरे घर आना." त्या हसल्या. "कहती थीं, एक बाबू ने मेरा नाम निकाला, एक साहब ने लिखा. आप जानते थे उन लोगों को?"

"दोनों को," मी म्हणालो. निकालनेवाला मी, हे सांगायला मला चहा संपेपर्यंत वेळ लागला.

बाईंनी कप खाली ठेवला. जरा वेळ माझ्याकडे पाहिलं, जसं वर्गात उशिरा उत्तर देणाऱ्या मुलाकडे बघत असतील. मग कागद माझ्याकडे सरकवला. "तो फिर ये ज़ीरो आप ही समझाइए."

मी पेन्सिल घेतली, एकशे ब्याण्णव आणि चारशे लिहिले, आणि समजावता समजावता चष्मा पुसून ती चौथी ओळ पुन्हा जवळ धरली. शेवटी साहेबांची छोटी सही होती, आणि तिच्याखाली इतक्या बारीक अक्षरात तारीख की आधी मला ती डाग वाटली होती. पंधरा जानेवारी. संक्रांतीचा दुसरा दिवस.